उतरताना धरणारी गाडी : बामणोलीकडच्या एका वाटेसाठी गिअर निवडताना

कास पठार ओलांडून बामणोलीकडे निघालं की एका वळणावर डांबरी रस्ता सोडून एक वाट खाली उतरते. 1.8 किलोमीटरची आहे. तिच्या शेवटी माझ्या मामांचं घर, भाताची चार खाचरं, थोडी नाचणी आणि आतेबहिणीच्या नावावरच्या जागेत माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, बांधलेल्या पाहुण्यांसाठीच्या तीन खोल्या. वाटेला कुठे जांभा उघडा पडलाय, कुठे तांबडी माती, आणि जून ते सप्टेंबर सगळीकडे पाणी. तांदळाची पोती, गॅसची टाकी, पाहुण्यांच्या बॅगा आणि अधूनमधून आजारी माणूस, सगळं याच वाटेने खालीवर होतं.

गेली पन्नास वर्षं हे काम मामांच्या जीपने केलं. सीजे-3बी, मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं. चासी गंजून गेली, कागदपत्रांचं नूतनीकरण होईना, म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये नवीन गाडी घ्यायचं ठरलं. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत गिअर कापायच्या कामात बावीस वर्षं आहे. म्हणून दादाने निवड माझ्यावर सोपवली. त्या निवडीची ही हकीकत सविस्तर लिहितोय, कारण माझा पहिला सल्ला चुकला होता, आणि कुठे चुकला ते आकड्यांत दाखवता येतं.

आधी वाट मोजली

गाड्यांची माहितीपत्रकं बघण्याआधी आम्ही वाट मोजली, आणि ते बरं झालं. गवंड्याची पाणसळ आणि तीन मीटरची सरळ फळी घेतली. फळीचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, पाणसळीने फळी आडवी करायची आणि दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खोल आहे ते टेपने मोजायचं. वाटेवर बऱ्याच ठिकाणी ही खोली 30 ते 45 सेंटिमीटर भरली. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला, सुमारे साठ मीटरच्या पट्ट्यात, ती मीटरभर आली. म्हणजे तीनास एक चढ, साधारण साडेअठरा अंश. हा पट्टा संपतो तिथेच वळण आहे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ओढा.

वाट जिथून जाते त्या दगडी गडग्यामधली फट सगळ्यात अरुंद जागी 2.1 मीटर भरली. थार सुमारे 1.8 मीटर रुंद आहे, आरसे धरले की तिथे हात घालायलाही जागा उरत नाही. तिचं इंजिन जास्त दमदार, दादाचा जीवही तिच्यावर होता. पण गडगा शेजाऱ्याचा, तो पाडायचा विषय नव्हता. 1645 मिलिमीटर रुंदीची मारुतीची जिम्नी बसत होती. गाडी अशी गडग्याने ठरवली. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि मागच्या-पुढच्या अॅक्सलचं गुणोत्तर (आसातल्या मोठ्या-लहान दातेरी चाकांच्या, म्हणजे क्राउन-पिनियनच्या, दातांचं प्रमाण) कारखान्याचंच ठेवायचं की बदलायचं, हे प्रश्न मात्र उरले.

माझा पहिला सल्ला

दादाच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. क्लच दाबून दाबून साताऱ्यात पोवई नाक्यावरून जाणं त्याला नकोसं होतं. गाडी चालवणारी दुसरी त्याची मुलगी, ती दोन वर्षांपूर्वी शिकली. दोघांकडे बघून मी एप्रिलमध्ये ऑटोमॅटिक सुचवली, आणि त्यासाठी हिशोबही मांडला.

भरलेल्या गाडीचं वजन 1500 किलो धरलं. तीनास एक चढावर ते वजन खाली ओढणारा जोर सुमारे 4650 न्यूटन. ओल्या मातीचा चाकांना होणारा रोध उताराला काटकोनात पडणाऱ्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका धरला, ते 1400 न्यूटन. एकूण 6050. चाकाची त्रिज्या सुमारे 0.336 मीटर, म्हणजे चाकांवर मिळून 2030 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, लागणार.

आता गाडीकडे काय आहे? मॅन्युअल जिम्नीचा पहिला गिअर 4.425, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचा) लो, म्हणजे हळू पण जोराचा गिअर, 2.002 आणि अॅक्सलमधल्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर 4.09. तिन्हींचा गुणाकार 36.2. इंजिन 36 फेरे फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. वाटेतला पंधरा टक्के तोटा वजा केला तर इंजिनाला फक्त 66 न्यूटन-मीटर द्यावे लागतात. या दीड लिटरच्या इंजिनाचा कमाल टॉर्क 134 आहे, त्यामुळे निम्म्यावर काम भागतं. हाच चढ ट्रान्सफर केस हायमध्ये ठेवून पहिल्या गिअरवर चढायचा म्हटलं तर 132 लागतात, म्हणजे कमाल टॉर्कच, आणि तो मिळतो मिनिटाला 4000 फेऱ्यांना. त्या वेगाने त्या वाटेवर कोणी जात नाही. क्लच अर्धवट दाबून जातात आणि तो जाळतात. फोर बाय फोर आहे म्हणून लो लीव्हर कधीच न ओढणाऱ्या माणसांच्या क्लच प्लेटी मी पाहिल्या आहेत, त्यांचा वास अजून आठवतो.

ऑटोमॅटिकचा पहिला गिअर 2.875, लो तोच 2.002, क्राउन-पिनियन 4.3. गुणाकार 24.75. कागदावर हा आकडा तिसऱ्या हिश्श्याने कमी आहे. पण ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी थांबलेली असताना इंजिन फिरतं, कन्व्हर्टरमधल्या तेलाचा फटका टॉर्क वाढवतो, आणि सुरुवातीला तो जवळपास दुप्पट होतो. म्हणजे चढाला सुटताना ही गाडी मॅन्युअलपेक्षा जास्तच ओढते, तेही क्लच न जाळता. नवख्या मुलीलाही मध्येच थांबून पुन्हा सुटता येईल. दादाचा गुडघा वाचेल. पुण्याला जाताना चौथा गिअर 0.697 चा, त्यामुळे ताशी 100 ला इंजिन 2400 च्या आत. मॅन्युअलचा पाचवा गिअर 1.000, तिथे इंजिन 3200 च्या वर. सगळं ऑटोमॅटिकच्याच बाजूने होतं.

मी हे मामांना समजावून सांगितलं. मामा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चढाय कुठली बी चढती रं भाच्या. उतरताना धरती का ते बघ. आमची जीप धरायची."

जीपचा आकडा

मामांचं बोलणं मी आधी म्हातारपणीची आठवण म्हणून सोडून दिलं होतं. घरी येताना मात्र ते डोक्यात घोळत राहिलं. जीप काय धरायची, हे मोजता येईल की!

पुढच्या रविवारी गेलो आणि जीपच्या मागच्या आसाच्या हौसिंगचं (कवचाचं) झाकण उघडलं. क्राउनचे दात 43, पिनियनचे 8. म्हणजे 5.38, या जीपांचं जुनं, मूळचं गुणोत्तर. आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून जुळणी होत आलेल्या विलीज घराण्यातल्या या गाड्यांना तीन गिअरांचा टी-90 गिअरबॉक्स यायचा, पहिला गिअर 2.798. ट्रान्सफर केसचा लो 2.46. तिघांचा गुणाकार 37.

सदतीस. मॅन्युअल जिम्नीचा 36.2, ऑटोमॅटिकचा 24.75. मामांनी कधी गुणाकार केला नव्हता, पण पन्नास वर्षं पायाखाली जे जाणवलं होतं ते नेमकं याच आकड्याचं होतं.

या जीपची एक जखमही इथेच सांगतो, कारण अॅक्सलचं गुणोत्तर बदलू पाहणाऱ्याने ती ऐकायला हवी. नव्वदच्या दशकात एका गॅरेजने मामांना सल्ला दिला की जीप महामार्गावर पळत नाही, तर क्राउन-पिनियन 4.88 चं टाका. त्यांनी टाकलं, पण फक्त मागे. पुढे 5.38 तसंच राहिलं. दोन चाकांवर चालवताना गाडी खरंच पळू लागली. पावसाळ्यात फोर बाय फोर लावल्यावर मात्र मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरू पाहायची. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळं फिरू देणारं काहीच नाही. चिखलात चाकं घसरून हिशोब जुळवून घ्यायची, पण उघड्या जांभ्यावर आल्यावर सगळा ताण शाफ्टमध्ये साठायचा. लीव्हर निघायचा नाही, आणि एके दिवशी पुढच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला. मामांनी सातशे रुपये मोजून जुनं 43-8 परत बसवून घेतलं. बदलायचं तर पुढचं-मागचं दोन्ही, एकाच गुणोत्तराचं, नाहीतर हात लावू नये.

उतारावर काय होतं

आता मी उलटा हिशोब केला, जो एप्रिलमध्येच करायला हवा होता. त्याच उतारावर भरलेली गाडी खाली येतेय. ओढणारा जोर तोच 4650 न्यूटन, मातीचा 1400 चा रोध यावेळी आपल्या बाजूने. उरले 3250, म्हणजे चाकांवर सुमारे 1090 न्यूटन-मीटर. हे कोणीतरी धरून ठेवायला हवं, इंजिनाने किंवा ब्रेकने.

अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन स्वतःच्या घर्षणाने आणि हवा ओढायच्या कष्टाने रोध करतं. एवढ्या इंजिनाला मध्यम फेऱ्यांवर हा रोध मी 24 न्यूटन-मीटर धरला. मॅन्युअलमध्ये 36.2 ने गुणला तर 870. गरजेच्या ऐंशी टक्के इंजिनच धरतं, ब्रेकवर पाय नुसता ठेवावा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये 24.75 ने गुणून 594. उरलेला जवळजवळ अर्धा भार ब्रेकवर. आणि चढताना टॉर्क दुप्पट करणारा कन्व्हर्टर उतरताना काहीच वाढवत नाही. उलट चाकांकडून इंजिनाकडे जोर जाताना तो थोडा सरकतो, म्हणून इंजिनाचा रोधही पूर्ण मिळत नाही.

माझी चूक इथे होती. कन्व्हर्टरचा फायदा मी वर जाताना मोजला आणि खाली येताना तो नसतो हे विसरलो. गिअरचं गुणोत्तर मात्र दोन्ही दिशांनी काम करतं.

यावर दादाने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता, की गाडीत उताराचं बटण आहे ना, ते दाबलं की गाडी आपोआप हळू उतरते. खरं आहे, दोन्ही प्रकारांत आहे. पण ते बटण ब्रेकच वापरतं, फक्त प्रत्येक चाकाला वेगळा आणि माणसाच्या पायापेक्षा हुशारीने. पावणेदोन किलोमीटर उतार, दिवसातून तीन खेपा, भरलेली गाडी, तर ब्रेक तापायचे ते तापणारच. आणि ओल्या तांबड्या मातीवर चाक ब्रेकने थांबू लागलं की वळायचंही थांबतं. वळणाच्या बाहेर ओढा आहे, ते मी मघाशी सांगितलंच.

पावसातली खात्री

कागदावर मन भरत नव्हतं. जूनच्या शेवटी दोन दिवस झड लागून राहिल्यावर साताऱ्यातल्या एका मित्राची ऑटोमॅटिक आणि मेढ्याच्या एका ओळखीच्याची मॅन्युअल, अशा दोन्ही गाड्या आम्ही वाटेवर नेल्या. मागच्या सीटवर आणि डिकीत पोती टाकून दोन्हींचं वजन सारखं केलं. दोन्हींचे टायर कारखान्याचेच, 195/80 आर15.

वर चढताना ऑटोमॅटिक छान चढली. साठ मीटरच्या पट्ट्यावर मध्ये थांबलो, पाय उचलला, पुन्हा अलगद निघाली. मॅन्युअलही चढली, फक्त थांबून सुटताना क्लचचं भान ठेवावं लागलं.

उतरताना मी ऑटोमॅटिकमध्ये लो लावला, लीव्हर सगळ्यात खालच्या गिअरला आणला. वरच्या मोकळ्या भागात काही अडचण नाही. खड्या पट्ट्यावर मात्र गाडी पायाखालून पुढे पुढे जाऊ लागली. ब्रेक धरला. वळणाच्या आधी जरा जास्तच दाबला, चूक माझीच, आणि पुढची चाकं हातभर सरळ घसरली. गाडी थांबली. मामा वरच्या कातळावर छत्री घेऊन उभे होते, ते काहीच बोलले नाहीत.

मग मॅन्युअल. लो, पहिला गिअर, क्लच सोडला आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. गाडी इंजिनाच्या आवाजावर चालत्या माणसापेक्षा हळू उतरली. 800 फेऱ्यांना 36.2 ने भागून चाकाच्या घेराने गुणलं तर ताशी 2.8 किलोमीटर येतात. खड्या पट्ट्यावर फेरे वाढले, ब्रेकवर पाय टेकवला, पण दाबावा लागला नाही. वळण सरळ घेतलं. चाकं पूर्ण वेळ फिरत होती, म्हणून वळतही होती.

मामा म्हणाले, "ही धरती."

गुडघ्याचं काय?

दादाची अडचण खोटी नव्हती. पण त्या वाटेवर लो मध्ये पहिला गिअर टाकून सुटल्यावर क्लचला पुन्हा हात, म्हणजे पाय, लावायची वेळच येत नाही, हे त्याने स्वतः चालवून पाहिलं. त्रास साताऱ्यातल्या गर्दीत होणार, तिथे आठवड्यातून एकदा जाणं होतं. पुण्याला महिन्यातून एकदा, तेव्हा मुलगी चालवेल असं ठरलं. 3200 फेऱ्यांचा आवाज सहन करावा लागेल हे मी वहिनींना आधीच सांगून ठेवलं. खंबाटकीच्या अलीकडेच त्या म्हणाल्या की गाडीत बोलताच येत नाही. ते खरंच आहे. त्या गाडीत पाचवा गिअर थेट एकास एक आहे, सहावा नाही. ज्याचा बराचसा प्रवास महामार्गावर होतो त्याने हा मुद्दा हलका समजू नये.

मध्येच एका नातेवाइकाने जुनी जिप्सी घ्या म्हणून सांगितलं. तिचा लो 2.268, जिम्नीच्या 2.002 पेक्षा जास्त, असं त्याचं म्हणणं. पण जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा हाय मुळातच 1.409 आहे, आणि पहिला गिअर 3.652. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून जिप्सीचे 8.28 होतात, जिम्नीचे 8.86. एकच आकडा उचलून दोन गाड्यांची तुलना करता येत नाही. इंजिनापासून चाकापर्यंत सगळ्या पायऱ्या गुणाव्या लागतात.

टायर आणि क्राउन-पिनियन

शेवटचा हट्ट मोठ्या टायरांचा होता. 235/75 आर15 लावले की गाडी रुबाबदार दिसते, खालून उंचीही मिळते. या टायरची उंची 733 मिलिमीटर, मूळच्याची 693. जवळपास सहा टक्के जास्त. चाक मोठं झालं की सगळी गिअरिंग तेवढीच उंच होते: 36.2 चे सुमारे 34 झाल्यासारखे. चढताना ओढ कमी, उतरताना धरणं कमी, आणि स्पीडोमीटर खोटं बोलणार. मग ते भरून काढायला दोन्ही अॅक्सलांचं क्राउन-पिनियन बदला. त्यात वॉरंटी जाणार. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, अपघात झाला तर विमावाले तेच बोट दाखवतील. कारखान्याने दिलेलं 4.09 आमच्या वाटेला पुरेसं होतं. जे पुरतं ते उघडायचं कशाला?

टायरांवर खर्च केला, पण त्याच मापाच्या, खोल नक्षीच्या. गिअर कितीही खाली असला तरी चाकाला माती धरता आली नाही तर तो जोर जमिनीत उतरत नाही. ओल्या मातीवर त्या खड्या पट्ट्याला गाडी पकडीच्या काठावरच असते, तिथे गुणोत्तरापेक्षा टायरची नक्षी आणि हवेचा दाब जास्त कामाला येतो. घरी कॉम्प्रेसर आहे. वाटेवर उतरण्याआधी दाब थोडा कमी करायचा, डांबरीवर जाताना परत भरायचा, ही सवय दादाने लावून घेतलीय.

गाडी गणपतीच्या आधी आली. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा तिने काढला. पुढचे ब्रेक पॅड मी मेमध्ये काढून पाहिले, अजून जाड आहेत. ट्रान्सफर केस आणि दोन्ही अॅक्सलांचं तेल मात्र पावसाळा संपल्याबरोबर बदलायला लावलं, कारण ओढ्यातून गाडी जाते आणि हौसिंगच्या श्वासनळीतून पाणी आत गेलं तर तेल दुधासारखं होतं. ते झालेलं नव्हतं.

मामांची फळी आणि पाणसळ आता वाडीत फिरते. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्यालाही गाडी घ्यायचीय, त्याच्या बायकोला क्लच नको आहे. त्याच्या वाटेवर सगळ्यात खड्या जागी तीन मीटरला साठ सेंटिमीटर भरले, पाचास एक. त्या उतारावर तेवढ्याच वजनाची गाडी धरायला चाकांवर सुमारे 485 न्यूटन-मीटर लागतात, आणि ऑटोमॅटिकचं इंजिन 594 पर्यंत धरतं. त्याला मी ऑटोमॅटिक घ्यायला सांगितलंय.